लाल पट्टा

— नाही नाही मॅडम, तिथे नका उभ्या राहू, तो कठडा नुसता दाखवायला आहे, हात टेकला की हलतो. इकडे या, खांबाजवळ. हां. आणि ती पिशवी खाली नका ठेवू, ओलं आहे सगळं. धोक्याची रेषा ना? सांगतो की, घाई काय आहे — तुमचं ते पाणी चढलं की वाजणारं मशीन कुठे पळून जात नाही आणि हा नालाही नाही. नाला म्हणजे नदी हो, तुमच्या कागदावर नदी आहे, बरोबर आहे तुमचं, पण मरोळला जन्म काढलेल्या माणसाला विचारा, नालाच म्हणेल. माझं नाव भीमराज. लिहा. वय एकसष्ट. एमआयडीसीत पॅकिंगला होतो तीस वर्षं, आणि पावसाळ्यात हे — पाणी बघायचं. नेमणूक-बिमणूक कसली? वस्तीनेच सांगितलं, तुम्ही पुलाला लागून राहता, तुम्हीच बघा. बघायला लागलो. चौदा वर्षं झाली.

यात काय बघायचं असतं असं वाटतं ना तुम्हाला? वाटणारच. त्या खांबावर पट्टे आहेत बघा, खाली हिरवा, मग पिवळा, मग लाल. पिवळ्याला पाणी लागलं की सामान वर, लालला लागलं की माणसं वर — एवढाच नियम, पोराबाळांना पाठ. मी इथे उभा राहायचो, छत्री धरून, आणि लागलं की धावत विहारात, तिथे भोंगा आहे, माइक हातात घेऊन एकदाच बोलायचं, शांतपणे बोलायचं. ओरडलं की बायका घाबरतात आणि घाबरलेलं माणूस पाण्यात पाय टाकतं. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर आलं ना, की कितीही तगडा माणूस असू दे, उभा राहत नाही. मी पोरांना हेच शिकवायचो — पाण्यातून जायचं नाही, पाण्याच्या आधी जायचं. शाळेच्या वरच्या मजल्यावर. चावी माझ्याकडे असायची, अजून आहे.

आणि दुसरी गंमत सांगू का, लोक भोंगा ऐकून निघायचेच नाहीत! भोंगा वाजला की सगळे आपापल्या दारातून बघायचे आमच्या घराकडे. शकु — माझी बायको — तिने गाठोडं उचललं की मग निघायचे. म्हणजे माझ्यापेक्षा तिच्या गाठोड्यावर जास्त भरवसा! तिलाही ते ठाऊक होतं, त्यामुळे ती मी बोलायच्या आत कधी हलायची नाही. म्हणायची, मी हलले की गल्ली हलते, उगाच कशाला पळापळ.

होती म्हणजे — हो, होती. नाही, काही नाही, तुम्ही लिहा तुमचं.

आता लाल कुठे ते विचारताय. तेच सांगतोय. काय होतं, खांबाला नवा रंग लागला त्याच्या आदल्या वर्षी मी एका जुलैमध्ये तीनदा भोंगा वाजवला. तिन्ही वेळा पाणी लालला लागलं होतं, खोटं नाही बोलणार, तिन्ही वेळा उंबऱ्यापर्यंत आलं आणि परत गेलं. भरती नव्हती ना. नुसता पाऊस असला की नाला पाणी ओढून घेतो, पण भरती आणि पाऊस एकदम आले की खालून वाट बंद आणि वरून लोंढा — मग ते पाणी नाही राहत, मग ते काय असतं ते मी नाही सांगू शकत. तर तीनदा लोक वर गेले, तीनदा खाली आले, सगळं कोरडं. वाट लागली माझी! गल्लीतल्या सुगंधाचं कामावरचं घर सुटलं, मालकीण म्हणाली रोज रोज काय पूर येतो का तुमच्याकडे. पोरं मला भोंगाच म्हणायला लागली, समोरून गेलो की — ए भोंगा आला. मला नाही लागलं एवढं, पण नळावर बायका शकुला बोलायच्या. तुझ्या नवऱ्याला आभाळ भरलं की माइक दिसतो. एकदा ती हंडा तसाच टाकून घरी आली. जेवताना म्हणाली, अहो, जरा थांबत जा ना. एवढंच म्हणाली. जरा.

पुढच्या मे महिन्यात रंगारी आला. मोठे साहेब बघायला येणार होते म्हणून पुलाला रंग, कठड्याला रंग — हा बघा, हाच कठडा, रंग झकास आणि आतून कुजलेला. खांबावरचे पट्टे पार पोपडे निघून गेलेले, खालचा भाग तर गाळातच. पोरगा शिडीवर, हातात डबा. मला विचारतो, काका, लाल कुठनं घेऊ?

थांबा, पाणी पितो.

मॅडम, तुमच्या पायाखालून तो पाइप जातोय ना, काळा, खांबाला टेकलेला — जुना लाल त्या पाइपाच्या पोटाशी होता. पोटाला पाणी टेकलं की लाल. आणि आता बघा लाल कुठे आहे. पाइपाच्या वर. किती असेल? दोन फूट, मी मोजलंय, दोन फुटाला एक बोट कमी. रंगाऱ्याची चूक? सगळे तसंच म्हणतात. माझी मुलगी तेजल, ती तर त्या पोराला शोधायला निघाली होती, मीच अडवलं. म्हटलं जाऊ दे गं, गरीब आहे.

त्याने मला विचारलं होतं. आणि मी वाकून दाखवलं, इथनं घे. मी दाखवलं. दोन फूट म्हणजे काय हो, अर्धा तास, असा हिशेब केला मनात, अर्धा तास उशिरा बोलू, पाणी परत जायचं असेल तर तेवढ्यात गेलेलं असेल, कोणी हसणार नाही, शकुला कोणी बोलणार नाही. तेव्हा बारा वर्षं पाणी बघितलेला माणूस मी — आणि भरतीत दोन फूट चढायला दहा मिनिटं लागतात, मग निघायला वेळच उरत नाही, हे मला माहीत नव्हतं? होतं. चांगलं माहीत होतं.

त्याच पावसाळ्यात, भरती आणि पाऊस एकदम, दिवसाढवळ्या झालं सगळं, सकाळचे अकरा असतील. पिवळ्याच्या वर पाणी, पाइप बुडालेला, मी इथेच उभा. नियम काय, लाल लागल्याशिवाय बोलायचं नाही. मीच केलेला नियम. शकुने फोन केला, म्हणाली अहो मोरीतून पाणी वर येतंय, निघू का? मी म्हटलं, लाल नाही झालं अजून. ती बरं म्हणाली आणि ओट्यावर बसली. गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती, समोरच्यांनी बघितलं. आणि शकु बसली आहे म्हणून सगळी गल्ली बसली.

मी माइकपर्यंत पोचलो तेव्हा गल्लीत कमरेएवढं होतं. बाकीचे पत्र्यावर चढले, कोणी पोटमाळ्यावर, वाचले हो सगळे. शेजारच्या अंजनाबाईंना चालता येत नाही, त्यांना हिने पोटमाळ्यावर ढकललं आणि मग स्वतः दारातून बाहेर पाय टाकला. का टाकला? मला शोधायला, दुसरं काय. पाण्यातून जायचं नाही हे मी अख्ख्या वस्तीला शिकवलं आणि तिला वेगळं असं कधी सांगितलंच नाही, घरातल्या माणसाला काय सांगायचं. तिसऱ्या दिवशी मिळाली. खाली, खाडीच्या तोंडाशी.

आणि मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. कसं विचारतील? ज्याची बायको गेली त्याला कोण विचारतं! उलट जयंतीला विहारात शाल दिली मला. शकुच्या फोटोला हार, मला शाल, आणि टाळ्या. मी उभं राहून घेतली ती. आता दोन पावसाळे झाले, रंगाकडे मी बघतच नाही, पाइपाकडे बघतो आणि भोंगा वाजवतो, आता कोणी हसत नाही, पहिल्या शब्दाला निघतात. रंग खाली का नाही आणला? आणायला गेलो होतो, डबा घेऊन, खरंच. कोपऱ्यावरचा विद्याधर दुकानातून ओरडला, काय भीमराज, काय करताय? आलो परत. पट्टा हलवला की त्या रंगाऱ्या पोराला विचारणार ना, आधी तिथे कोणी दाखवला.

म्हणून म्हणतो, तुमच्या मशीनमध्ये पाइपाचं पोट टाका. ते टाकलं की माझं काम संपलं, मशीन वाजेल, मी मोकळा... काय? रंगाप्रमाणे मंजूर झालंय? असू दे की, खोडा. खोडता येत नाही? बरं, मग काय करावं लागेल?

मी लिहून द्यायचं. माझ्या हाताने. पट्टा कोणी सरकवला, कधी, का — सगळं, आणि खाली सही, आणि ते चौकशीला जाणार. वस्तीत येऊन विचारणार. तेजललाही.

मॅडम, ती मानखुर्दहून येते दर रविवारी. तिच्या आईसारखी भाकरी थापते आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणते, बाबा, तुम्ही काय करणार होतात. तिला आई नाही आता. माझ्याशिवाय कोणी नाही तिला.

आणि नाही लिहून दिलं तर? तुमचा तो छापील कागद, स्थानिक रहिवासी म्हणून सही, बस? त्यावर काय लिहिलंय, वाचा जरा, चष्मा नाही माझा. "दर्शवलेली पातळी योग्य आहे." हं.

मशीन वाजलं की लोक निघतील ना लगेच? मशीनवर विश्वास ठेवतील. माझ्यावर ठेवत नव्हते तेव्हा निदान दारातून डोकावून बघायचे, आता तेही नाही बघणार. आणि मला माइक नाही मिळणार आता, नाही? दोन-दोन आवाज नकोत म्हणे. बरोबर आहे.

असं नका बघू माझ्याकडे. मी काही बोललो नाही. म्हातारा माणूस, बायको गेलेली, काहीही बडबडतो, असं समजा — पेन द्या. कुठे, इथे, त्या 'योग्य आहे'च्या खाली? ...घ्या. झालं. आता ते कागद भिजायच्या आत निघा. जा मॅडम. जा म्हटलं ना.