तोंड बघायचं नाही, बिल्ला बघायचा

...आणि वरून म्हणतात टाळ्या वाजवा. कशाबद्दल वाजवू? तुम्हीच सांगा. त्या कोंदट खोलीत कोंडून घातलंय, खुर्चीचा एक पाय आखूड, जरा हललं की कर्र करते आणि सगळ्याजणी माझ्याकडे वळून बघतात, पंखा फिरतोय तो स्वतःपुरता, आणि समोर टायवाले सर दोन्ही हात पसरून सांगतायत, "लक्षात ठेवा, चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. टाळ्या." वाजवल्या. करता काय. हातावर पोट असलं की ते हात टाळ्यांनाही द्यावे लागतात.

तुम्हाला सांगते, शिसारी आलीय मला त्या वाक्याची. ऐकलं की तोंड कडू होतं.

मी लॉन्ड्रीत कामाला आहे. कोपऱ्यावरची नव्हे, मोठी. दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. त्या गठ्ठ्यांना काय काय लागलेलं असतं ते जेवताना विचारू नका, आणि जेवून झाल्यावर तर मुळीच विचारू नका. ह्या दवाखान्याचा गठ्ठा त्या दवाखान्याला जाऊ नये म्हणून प्रत्येकाला रंगीत बिल्ला. बिल्ला कापडाला टाचायचा, कापड धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची, बिल्ला बघून पाठवायचं. झालं. ह्यात शिकवायचं काय? पण नाही, कंपनीला हुक्की आली. माणसांच्या हातून चुका का होतात आणि त्या कमी कशा करायच्या, ह्याचं म्हणे प्रशिक्षण.

मी सातवी शिकलेली बाई. चूक म्हणजे काय ते मला शाळेतल्या बाईंच्या पट्टीने कधीच समजावलं होतं. इथे चुकीच्याही जाती निघाल्या. विसरण्याची वेगळी, हात घसरण्याची वेगळी, आणि "मला ठाऊक आहे" म्हणून केलेली वेगळी. सर म्हणाले, ही तिसरी सगळ्यात घातकी. रोजचं काम माणूस बघून करतच नाही, सवयीने करतो, आणि सवयीचा डोळा फसवतो. म्हणून ओळखीवर विसंबायचं नाही, खूण बघायची. बोट दाखवा, मोठ्याने बोला, मगच पुढे जा.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला हे पटलं होतं. घरी मी दुसरं काय करते? गॅसला बोट, बंद. नळाला बोट, बंद. मग पोरीच्या नाकाखाली बोट धरायचं, श्वास चालू. मग परत गॅस. नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय. मी म्हटलं, बघा, शिकलेल्या टायवाल्या माणसालाही तेच लागलंय.

पण आमच्या वरच्या बाई. वरच्या म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसून आमच्यावर नजर ठेवतात त्या. त्यांना कुठलीही गोष्ट पटली की ती आम्हाला भोवते. लगेच हुकूम काढला, आपल्या पाळणाघरातही हीच पद्धत. कामाच्या जागी आम्हा बायकांच्या लेकरांसाठी खाली एक खोली आहे, तिथे एक मावशी सांभाळते. बाईंचं स्वतःचं पोरगंही तिथेच असतं, माझ्या पोरीएवढंच. तर प्रत्येक लेकराला एक बिल्ला आणि त्याच रंगाचा जोडबिल्ला आईकडे. माझ्या पोरीला हिरवा, बाईंच्या पोराला निळा. मावशीला दम भरला, "आता तोंड बघायचं नाही, बिल्ला बघायचा." ती बिचारी म्हणाली, "अहो बाई, मी त्यांना रडण्यावरून ओळखते." बाई म्हणाल्या, "तेच बंद करायचंय."

आणि बिल्ला टाचला कुठे? झबल्याला. आम्ही पडलो लॉन्ड्रीवाले, जन्म गेला कापडाला बिल्ले टाचण्यात. लेकराचं झबलं निघतं, ते दुसऱ्याला चढतं, हे एकीच्या डोक्यात येऊ नये? माझ्याही आलं नाही. आणि मी तर पोरगी शिंकली तरी दवाखाना कुठवर उघडा असतो ते विचारून ठेवणारी.

पुढे ऐका. सर चुका कमी करून गेले आणि दुसऱ्याच दिवशी मशीनमधून पांढऱ्या चादरींचा घाणा बाहेर आला तो गुलाबी. असा गोड गुलाबी की दवाखान्यातल्या पेशंटला वाटावं आपलं लग्न आहे. चादरी उपसल्या तर तळाशी एक मोजा. तान्ह्या लेकराचा, अंगठ्याएवढा. स्वतःचा सगळा रंग चादरींना देऊन बसलेला, त्यामुळे मूळचा कसा होता ते त्याच्या आईलाही सांगता येऊ नये. बाईंनी तो चिमट्यात धरला, मेलेली पाल धरावी तसा, आणि आम्हा लेकुरवाळ्यांच्या नाकासमोरून फिरवला. "कोणाचा?" सगळ्या खाली बघतायत. मीही बघितलं. माझ्या पोरीचे मोजे मी मोजून ठेवते तरी बघितलं, कारण बाई विचारतात तेव्हा आपला नसलेला गुन्हाही आपलाच वाटायला लागतो.

म्हणून प्रशिक्षणाची ही दुसरी खेप, तीही काम सुटल्यावर. आणि नेमकं त्याच दिवशी सकाळपासून पोरीचं अंग तापलेलं. मावशीला औषध समजावून सांगितलं, परत सांगितलं, पायरीवरून मागे येऊन परत सांगितलं. मोबाइल तर दारातच टोपलीत टाकायला लावले, लक्ष उडतं म्हणे. मी हात वर केला. "सर, जरा खाली जाऊन येऊ का? मुलगी तापलीय." सर इतकं गोड हसले की मला उलटी होईल असं वाटलं. "ताई, मन दुसरीकडे असलं की चूक होते. मन इथे आणा." कुठून आणू? ते खाली पाळण्याचा कठडा धरून उभं होतं.

आणि बाई उठल्या. "सर, तुमचं चालू दे, पण मला नाव पाहिजे. मोजा कोणाचा?"

सर म्हणाले, "नाव नको बाई. चूक माणसाची नसते, पद्धतीची असते."

"पद्धतीला आम्ही पगार देत नाही," बाई म्हणाल्या. "आज नाव कळलं नाही तर उद्यापासून पाळणाघर बंद. लेकरं येतात म्हणून मोजे येतात."

पाळणाघर बंद म्हणजे माझं काम बंद. घरी सासूबाईंचे गुडघे असे की त्या स्वतः उठतात तेच उपकार, रांगणाऱ्या पोरीमागे त्या काय धावणार?

चहाला दारापर्यंतच सोडलं, मोबाइल टोपलीतच, तशी मी वॉचमनच्या हातापाया पडले. म्हटलं, दादा, ह्यांना फोन करा, म्हणावं पोरीला घेऊन जा, आणि हा हिरवा बिल्ला त्यांच्या हातात द्या. नवऱ्याने आजवर पोरीला कधी न्यायला यायचं नाव काढलं नव्हतं. वॉचमन परत येऊन म्हणाला, "येतायत. पाळणाघर कुठल्या बाजूला ते विचारत होते."

मग पुन्हा ती कर्र खुर्ची. सर बोट दाखवायला शिकवतायत, आम्ही सगळ्याजणी भिंतीला बोट दाखवून ओरडतोय, "भिंत आहे." मोठ्या बायका हो आम्ही, लेकुरवाळ्या, आणि भिंत आहे म्हणून ओरडतोय.

सुटले एकदाची. पोरगी घरी पोचली असणार हे ठाऊक होतं, तरी पाय पाळणाघराकडेच वळले, माझे पाय असेच आहेत. दारातून बघते तर मावशी एकटीच, मांडीवर एक लेकरू. ते वळलं. माझी पोरगी! लालबुंद गाल, नाक वाहतंय, मला बघून दोन्ही हात पसरले. मी झेपावले तर मावशीने तिला पदराखाली घेतलं.

"हे तुमचं नाही. तुमचं गेलं घरी. हे वरच्या बाईंचं."

"अगं मावशी, ही माझी मुलगी आहे. तूच तिला न्हाऊ घालतेस की."

"असेल. पण बिल्ला निळा आहे. तुमच्याकडे निळा आहे का?"

तुम्हाला सांगते, पोटची पोर हातभर अंतरावर "मं मं" करत रडतेय आणि मी बिल्ल्यासाठी गयावया करतेय. मावशीचेही डोळे भरलेले, पण पोर सोडेना. म्हणते, "माझी नोकरी जाईल हो."

एवढ्यात वरच्या बाई खाली उतरल्या, हातात निळा जोडबिल्ला. मावशीने सुटकेचा निःश्वास टाकून माझी पोरगी त्यांच्या हातात ठेवली. बाईंनी बघितलं. "हा माझा नाही."

"बिल्ला तुमचा आहे बाई."

"अगं पण हा माझा मुलगा नाही, ही मुलगी आहे."

"तोंड बघायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत."

आणि मागून टायवाले सर. त्यांचं तोंड असं उजळलं की पेढा मिळाल्यावर पोराचं उजळत नसेल. "वा, जिवंत उदाहरण. कोणी घाबरू नका, कोणी कोणाला दोष देऊ नका. आपण सगळे गोल बसू या का?" मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते एकटेच बसले. मी पोरगी ओढून घेतली. कपाळ तव्यासारखं. पण हातात होती.

मावशी बोलायला लागली तेव्हा सगळं कळलं. दुपारी पोरीला घाम फुटला म्हणून तिने झबलं काढून दोरीवर टाकलं. बाई आपल्या पोराला दूध पाजायला आल्या, तो ओकला, बाईंनी त्याचं झबलं बादलीत टाकलं आणि दोरीवरचं हाताला आलं ते चढवलं. ते हिरव्या बिल्ल्याचं. मग मावशीने बादलीतलं धुऊन वाळवून माझ्या पोरीला घातलं. ते निळ्याचं. संध्याकाळी आमचे हे आले, हिरवा दाखवला, हिरवं मिळालं, गेले.

"तुला दिसलं नाही?" बाई ओरडल्या.

"दिसलं की. मी म्हटलं, पद्धत असेल."

आता नवऱ्याला फोन. सगळ्यांना ऐकू यावा म्हणून बाईंनी माझा मोबाइल स्पीकरवर टाकला. मी विचारलं, "अहो, बाळ कसंय?"

"मस्त झोपलंय," म्हणतात. कशी ऐट. "तू उगाच घाबरवतेस. ताप पार उतरला. माझ्या हातात आली आणि उतरला बघ. वजनही चांगलं भरलंय."

"अहो, तोंड बघितलंत का?"

"टोपरं आहे ना डोक्यात, आणि दुपट्यात गुंडाळलेली. आणि बिल्ला बघितला मी, नीट बघितला. हिरवाच होता."

शी. बापाला बिल्ला दिसतो. नाक दिसत नाही. ते नाक त्यांचंच आहे हो, तिला दुसऱ्या कोणाचं मिळालेलं नाही.

मागून सासूबाईंचा आवाज आला. "अरे, हिला बदलायला घेतलं मी... सकाळी आपली मुलगी होती ना?"

"म्हणजे काय, मुलगीच."

"मग आता नाहीये."

इकडे बाईंनी भिंत धरली. सासूबाई फोनजवळ आल्या, सावकाश, गुडघे सांभाळत. "सूनबाई, कोणाचं ग हे लेकरू? गुटगुटीत आहे. आई मात्र वेंधळी दिसते. एका पायात पांढरा मोजा, एका पायात लालभडक. आणि लाल असा कच्चा की ओल्या दुपट्याला लागून दुपटंही गुलाबी झालं."

चिमट्यातला तो फिकुटला मोजा बाईंच्या पर्समधून अर्धा बाहेर डोकावत होता, पुरावा म्हणून जपला होता ना. त्यांनी तो बोटाने हळूच आत ढकलला. घसा खाकरला. आणि काय म्हणाल्या असतील?

"सर म्हणतात ते खरं आहे. चूक माणसाची नसते, पद्धतीची असते."

सरांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

त्या घटकेला मला जी किळस आली, दवाखान्याचे गठ्ठे सोडताना कधी आली नाही. आमचा मोजा असता तर नाव पाहिजे होतं, आईचं, बापाचं, गल्लीचं. त्यांचा निघाला तर पद्धतीचा. मी पोरीला छातीशी धरून गुमान घरी गेले, बाई माझ्यामागून, आपला निळा जोडबिल्ला घट्ट धरून. दारात नवरा उभा, कडेवर त्यांचं पोरगं. मला म्हणतो, "चूक माझी नाही ग, बिल्ला..." मी म्हटलं, एक अक्षर बोलू नका. पुढचा शब्द मला पाठ आहे.

पोरीचा ताप उतरला, औषधाने. पाळणाघरही चालू राहिलं, बाईंनी पाळणाघर बंदचा विषयच पुन्हा काढला नाही. गुलाबी चादरी, ऐकते की, बाळंतिणींच्या खोलीत पाठवल्या आणि तिथे आवडल्या.

पण सुधारणा झाली. पद्धतीची चूक होती ना, मग पद्धत सुधारली. आता बिल्ला लेकराला दोन ठिकाणी, आणि आईलाही, इथे, खांद्यावर. बिल्ल्याशिवाय आई दिसली तर तिला लेकरू द्यायचं नाही. काल गडबडीत मी माझा घरी विसरले. पोर आत हात पसरून उभी, मी दारात हात पसरून उभी, आणि मावशी मध्ये उभी राहून तिसरीकडेच बघतेय, तोंड बघायला लागू नये म्हणून. घरी धावले, बिल्ला आणला, तेव्हा मिळाली.

विसरण्याची चूक म्हणून माझं नाव कळवलं. हो, नाव. तेवढं अजून माणसाचंच लागतं. आता शनिवारी पुन्हा ती कर्र खुर्ची, टायवाले सर, भिंत आहे. जाणार, बसणार, टाळ्याही वाजवणार. न जाऊन सांगते कुणाला? माझा बिल्ला त्यांनी जमा करून घेतलाय, शनिवारी प्रशिक्षण संपल्यावरच परत देणार आहेत. आणि त्याशिवाय मी कोणाची आई आहे हे मला एकटीलाच ठाऊक असून काय उपयोग?