मायना

गोजराबाई : पत्रातलं बाकीचं राहू द्या, भावजी. मायना तेवढा वाचा.

खंडेराव : मायनाच तर लागत नाही, वहिनी. "माझ्या झिं... झिंगरीस"? छे! असं कुठं नाव असतं?

गोजराबाई : तुमीच तर वाचून दावलं व्हतं! बसऱ्याच्या लढाईवरून ह्यांनी, तुमच्या दोस्तानं, तुमच्याच पत्त्यावर धाडलं, सासऱ्यांना कळू नये म्हणून. तवा कसं घडाघडा वाचलंत.

खंडेराव : त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हा कचेरीत दिवसभर मोडीच खरडत होतो. मग छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. रोज बालबोध. आता मोडीतलं अक्षर बघायला जावं, तर त्याच्या जागी बालबोधातलं भलतंच येऊन उभं राहतं.

गोजराबाई : माझं तरी काय येगळं? ते लढाईतून आले नाय. पयली धा वर्सं मला हे पत्र तोंडपाठ व्हतं. मग लेक चांदवडला दिली, तिची पत्रं येऊ लागली. "मातोश्रीस..." पोस्टमन वाचतो, ती पाठ झाली. फुलबाजारात जो तो मावशी म्हणतो. ह्यांची मायन्यातली हाक कुठं दबली, ठावं नाय.

खंडेराव : मग आजच एवढी निकड कशाची?

गोजराबाई : पहाटे सपनात आले. मळ्याच्या बांधावर, तसेच तरणे. मला हाक मारली. "मावशी" म्हणून.

(खंडेराव दौत-टाक जवळ ओढतात.)

गोजराबाई : टाक कशाला? वाचायचंय, लिवायचं नाय.

खंडेराव : डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. हाताला काही आठवतंय का बघतो. तो अन् मी एकाच पंतोजींकडं गिरवायला बसायचो. आता तो वळवायचा तसं वळवतो, टाक न उचलता... "माझ्या"... हं... इथून खाली, मग आत... अहो, झ नव्हे हा! भ आहे, भ!

गोजराबाई : म्हणा की मग!

खंडेराव : भिंगरी. "माझ्या भिंगरीस."

गोजराबाई : ...पायाला थारा नव्हता माझ्या. दिसभर मळ्यात गरागरा फिरायची, म्हणून. लय हसायचे.

खंडेराव : पुढचं वाचू? हात चाललाय तोवर वाचून घेतो.

गोजराबाई : थांबा, भावजी. आधी ओ देऊ द्या.