डाव्या हातातला झारा

(धारूरच्या वाटेवरच्या एका गावाचा चौक. शहादेवच्या भज्यांच्या गाड्यापुढं हनुमानची विधवा वनमाला उभी आहे. भोवती माणसं.)

वनमाला : रडू नका, भाऊजी. रडणारी घरी लई हायेत. त्यांना कसं मारलं तेवढं मला दावा.

शहादेव : दावतो, वहिनी. हा झारा म्हंजी मारणाऱ्याचा रॉड. तुमी हनुमानच्या जागी हुब्या ऱ्हावा. तोंड माझ्याकडं. तिघं हुते, तिघांच्या बी तोंडाला रुमाल. हनुमानची गाडी हितं आडवी पाडली.

वनमाला : काय बोलले?

शहादेव : "निवडणुकीतून माघार घे म्हणलं, तर घेत न्हाईस बे?" आन् पयला दणका गुडघ्यावर. हनुमान बसला. हात वर केले, त्या हातावर दुसरा. कढई तडतडत हुती, तरी हाड मोडल्यालं मला ऐकू आलं. तिसरा कानामागं, असा. पाय हालायचे थांबले, तरी मारतच हुता.

वनमाला : झारा डाव्या हातात हाय तुमच्या.

शहादेव : त्याच्या बी डाव्यातच हुता.

वनमाला : मंग रुमाल कशाला बांधला? सुंदररावाचा बजरंग जेवतो बी डाव्यानं. उद्या ठाण्यात असंच दावा.

सुंदरराव : (गर्दीतून पुढं येत) गर्दी कावून केलीय बे? कुणी माझ्या पोराचं नाव घेतलं? शहादेव, मला बी दाव की नाटक.

शहादेव : नाटक न्हाई, मालक. नुसतं... (झारा उजव्या हातात घेतो) असा मारला.

वनमाला : मघाशी डावा हात हुता.

सुंदरराव : दुःखात माणसाला उलटं दिसतं, पोरी. उजवाच हुता. हो ना, शहादेव? ह्या जागेवर गाडा बरा चालतो तुझा.

शहादेव : व्हय. चालतो.

वनमाला : मंग उजव्यानंच मारा, भाऊजी. मी हुबी हाय. जखम उजव्या कानामागं हुती, मीच धुतली. लावून बघा.

शहादेव : (उजव्या हातानं झारा तिच्या कानापर्यंत नेतो.)

वनमाला : लागतंय का?

शहादेव : न्हाई. डाव्या कानावर येतंय.

सुंदरराव : कढई जळतीय तुझी. तिकडं बघ.

शहादेव : जळू द्या. वहिनी, तुमी सरा बाजूला. मालक, तुमी या हितं. तोंड माझ्याकडं करा.

सुंदरराव : झारा खाली ठेव, शहादेव.

शहादेव : भिऊ नका. डाव्यात घेतलाय, पण मी फकस्त दावतोय.