शून्य क्षेत्रफळाचा प्लॉट

"डेटाबेसचीच चूक असणार" असं कोणी म्हटलं ना, की मला गुडगावचा तो प्लॉट आठवतो. तेव्हा तिकडे नवे सेक्टर आखले जात होते. आमचा सर्वेअर त्यागी जीपीएस घेऊन हद्दीवरून फेरी मारायचा आणि त्या रेषेवरून डेटाबेस क्षेत्रफळ काढायचा. एवढा मोठा प्लॉट, अन् क्षेत्रफळ शून्य! स्क्रीनवर चौकोनाऐवजी डमरू. रेषेने स्वतःलाच छेद दिला की दोन्ही भाग एकमेकांतून वजा होतात.

"त्यागीजी, बीच से शॉर्टकट मारा ना?"

"क़सम से साहब, तार के साथ-साथ चला हूँ."

मी चिडलो. दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याच्याबरोबर गेलो. गवत कमरेएवढं, पण कुंपणाची तार हाताने चाचपत आम्ही पूर्ण फेरी मारली. ऑफिसात येऊन बघतो, तर पुन्हा डमरू.

तसाच परत गेलो. गेटवरच्या चौकीदाराला विचारलं, "हम दोनों कहाँ-कहाँ से होकर गए थे? देखा था?"

तो माझ्या पायांकडे बघत राहिला.

"देखा था साहब. बीच में खुला कुआँ है, आप उसके ऊपर से निकले. आवाज़ इसलिए नहीं दी, कि कहीं आप नीचे न देख लें."