गोव्याला ठेवलेला दगड

कवठे महांकाळच्या एसटीत अंकिताच्या पुढच्या सीटवर एक म्हातारी लेकाच्या कानाशी कुजबुजत होती. पण आख्ख्या गाडीला ऐकू जात होतं.

"पप्पू, तुज्या बायकूनं, सोनियानं त्या गोव्याच्या प्रदर्शनात दगडावर घोंगडं घातलेलं. मला बिरोबाच वाटला रं. भंडारा लावला, पाया पडले."

"आगं आये, ती नुसती कला हाय."

"आदी हुती. भंडारा लावल्यावर देव झाला न्हवं?"

"गप. परवाच इकला तिनं. जहाजानं परदेशी गेला."

"आरं माज्या कर्मा! तितं निवद कोण दावणार? उपाशी देव कुणाला धरंल?"

अंकितानं मोबाइल खाली ठेवला.

"सोनियाला फोन लाव," म्हातारी म्हणाली.

"सकाळी लावलावता."

"मंग?"

"परवापासनं घास उतरंना म्हणली."