गुंडानं न बघितलेला समुद्र

लढाई संपून वर्ष झालं होतं. साताऱ्याच्या मोटार स्टँडवर रांगेत माझ्यापुढं आटपाडीकडची एक म्हातारी होती आणि तिच्यापुढं पलटणीतून सुटून आलेला एक हवालदार. गाडी काही येत नव्हती आणि म्हातारीला गप्प राहवत नव्हतं.

“हवालदार, तुमी बोटीनं गेला व्हता न्हवं?”

“व्हय आक्का. मुंबईपास्नं पार इजिप्तापत्तोर.”

“मग समुद्र दिसला आसंल.”

“दिसला म्हंजे? दिसभर कठड्याला टेकून दुसरं काय बघायचं? जिकडं बघावं तिकडं पानी.”

“तितंच तर घोडं अडलंया. माजा ल्योक गुंडा चार वर्सं बोटीवर व्हता. सोयरीक घिऊन आलेल्या पावन्यांनी इचारलं, समुद्र कसा असतोय? तर म्हनला, बघितला न्हाई.”

“आँ?”

“पावनं चा न पिताच उठलं. म्हनत्यात, पोरगा बोटीवर न्हवताच, तुरुंगात व्हता.”

“काम काय करायचा?”

“बोटीच्या पोटात, भट्टीत कोळसा टाकायचा. निजायचं बी खालीच, म्हनतोय. खरं काय, खोटं काय, मला तर काय बी उमजंना झालंय. तुमच्या बोटीवर व्हती का अशी मानसं?”

“असतीलच की. त्याबिगर बोट चालंल कशी?”

“दिसायला कशी व्हती?”

“बघितली न्हाईत, आक्का.”

“मग तुमी तरी बोटीवर व्हता का?”