देवघरातला कॅमशाफ्ट

विषय: माझी पंधरा वर्षांची सेडान आणि तिची फेरनोंदणी.

पुतण्या प्रशांत खालापुरात शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधतो. सर्व्हिसिंगला दिलेली माझी गाडी परत आणून तो म्हणाला, "काका, दुसरा कॅमशाफ्ट टाकलाय. आता खेच बघा! जुना हा घ्या, जपून ठेवा."

"कुणाला विचारून केलंस रं?"

"सरप्राइज हाय काका."

इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या ते हा दांडा ठरवतो, एवढं मलाही ठाऊक होतं. आमच्या घरात कोण काय ठरवतं, ते मात्र पुढे कळलं.

फेरनोंदणीच्या तपासणीला गाडी जागेवरच हिवताप भरल्यासारखी थडथडत होती. आरटीओच्या साहेबांनी पेडल दाबलं, काहीच झालं नाही. चिडून आणखी दाबलं, तशी गाडी किंचाळत सुटली ती कुंपणाला टेकून थांबली. साहेब पांढरेफटक होऊन उतरले. मी पुतण्याचं सरप्राइज सांगून टाकलं.

"आजोबा, या वयात हे धंदे? मूळचा शाफ्ट बसवून आणा, नाहीतर गाडी भंगारात."

धावत भिसेगावला घरी आलो. शाफ्ट कुठेच दिसेना. शेवटी देवघरात सापडला. सौ.ने खंडेनवमीला विळी-कोयत्याबरोबर त्याचीही पूजा केली होती आणि नंतर त्याला देवांच्या शेजारी कायमची जागा दिली होती. वर ताजं जास्वंद.

"अगं, तो दे. गाडी भंगारात जाईल!"

"जाऊ दे. पूजेतली वस्तू मी काळ्या तेलात बुडवू देणार नाही."

गाडी अंगणात उभी आहे. शाफ्ट मिळावा म्हणून सौ.कडे तोंडी अर्ज केला आहे. तो प्रलंबित आहे.